फास्ट चार्जरवर पहिल्यांदा जाताय? हे करून निघा

घरच्या पार्किंगमध्ये रात्री लावायची आणि सकाळी भरलेली गाडी काढायची, एवढंच चार्जिंग असेल तर इलेक्ट्रिक गाडीइतकी बिनकटकटीची गाडी नाही. कटकट सुरू होते ती गावाला जायचं ठरलं की. महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर जे काही बिघडतं त्यातलं फार थोडं विजेचं असतं. ओटीपी येत नाही, वॉलेटमध्ये चाळीस रुपये कमी पडतात, गन (चार्जरच्या वायरच्या टोकाचा प्लग) बसते पण चार्जिंग सुरू होत नाही, नाहीतर चार्जरसमोर डिझेलची इनोव्हा लावून मंडळी जेवायला गेलेली असतात. हे सगळं टाळता येतं असं मी म्हणणार नाही. पण चार्जरवर पोहोचताना हातात दुसरा पर्याय शिल्लक असेल तर यातल्या कशानेच प्रवास अडत नाही. खालची सगळी खटपट त्या दुसऱ्या पर्यायासाठी आहे.

१. आधी आपल्या गाडीचे तीन आकडे पाठ करा

पहिला, बॅटरी किती युनिटची. दुसरा, गाडी डीसी चार्जिंगला, म्हणजे फास्ट चार्जरवर, जास्तीत जास्त किती किलोवॅट घेते. तिसरा, महामार्गावर एका युनिटमागे किती किलोमीटर जाते.

तिसरा आकडा ब्रोशरमधून घेऊ नका. ४५ युनिटच्या टाटा नेक्सॉन ईव्हीचा जाहीर आकडा ४८९ किलोमीटर आहे. एसी लावून, घरचे चौघे बसवून, ताशी ९०-१०० ने चालवलीत तर मध्यम आकाराची गाडी युनिटमागे सहा ते सात किलोमीटर देते. म्हणजे अडीचशे ते तीनशे धरा, आणि त्यातलेही शेवटचे पन्नास वापरायचे नाहीत असं समजा.

दुसऱ्या आकड्यावरून नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. चार्जर १२० किलोवॅटचा आहे म्हणून गाडी १२० ने भरत नाही. चार्जर आणि गाडी यांच्यात ज्याचा आकडा लहान, तो चालतो. टियागो ईव्हीसारखी छोटी गाडी मोठ्या मशीनला लावून काही फायदा नाही. उलट ज्याची गाडी ते घेऊ शकते त्याची जागा अडते. एमजी कॉमेटला तर डीसीची गनच लागत नाही, ती एसी चार्जरवरच, म्हणजे घरच्यासारख्या साध्या विजेवरच भरायची.

यातली अजून एक बारीक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. मशीनवर ६० किलोवॅट लिहिलेलं असतं, पण गनला अँपिअरची मर्यादा असते. गन १५० अँपिअरची असेल आणि तुमची बॅटरी ३३० व्होल्टची, तर गुणाकार करा: पन्नास किलोवॅटच्या आतच येतात. शिवाय दोन गनच्या मशीनवर शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी ६० चे तीस-तीस होतात. स्क्रीनवरचा आकडा एकदम अर्ध्यावर आला तर आधी शेजारी बघा, मशीन बिघडलंय असं लगेच ठरवू नका.

आणि ८० टक्के. एसटी स्टँडवर गाडी लागली की पहिल्या तीस सीट दोन मिनिटांत भरतात आणि शेवटच्या पाच भरायला वेळ लागतो, तसंच बॅटरीचं आहे. ८० च्या पुढे गाडीच विजेचा वेग कमी करायला लावते. २० ते ८० ला चाळीस मिनिटं लागली असतील, तर ८० ते १०० ला कधी कधी तेवढीच लागतात. त्यामुळे महामार्गावर शंभर टक्के भरायचा हट्ट धरू नये. पूर्ण भरायची ती घरी, निघायच्या आदल्या रात्री.

२. ॲप आणि वॉलेट घरीच तयार करा

एक पेट्रोल पंप, एक कार्ड, विषय संपला, असं इथे नाही. टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, झीऑन, जिओ-बीपी, प्रत्येकाचं ॲप वेगळं आणि बहुतेकांचं वॉलेटही वेगळं. सगळी घेण्यात अर्थ नाही. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर ज्यांचे चार्जर जास्त आहेत अशी तीन-चार पुरतात. ती वायफायवर बसून डाउनलोड करा, नोंदणी करा, गाडीचा नंबर टाका, आणि प्रत्येकात एका चार्जिंगपुरते पैसे भरून ठेवा. किती पैसे लागतात ते पुढे येतंच.

हे घरी करायचं कारण नेटवर्क. मॉलच्या दुसऱ्या बेसमेंटमध्ये किंवा घाटाखालच्या ढाब्यावर उभं राहून ओटीपीची वाट बघणं हा वेळ घालवण्याचा फार वाईट प्रकार आहे. काही कंपन्या आरएफआयडी कार्ड देतात. ते फोनशिवाय मशीनला टेकवता येतं. मिळत असेल तर जरूर घ्या आणि गाडीतच ठेवा. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर वेगळ्या कंपनीचं सिम असेल तर त्यावरही एखादं ॲप असू द्या.

चार्जर शोधायला मात्र कंपनीच्या ॲपवर विसंबू नका. तिथे हिरवा ठिपका म्हणजे मशीन इंटरनेटला जोडलेलं आहे, एवढंच. प्लगशेअर नावाच्या ॲपवर लोक स्वतः चार्जिंग झालं की नाही ते लिहितात. शेवटची यशस्वी नोंद कधीची आहे ते बघा. महिनाभरात कुणीच काही लिहिलं नसेल तर त्या चार्जरवर मुक्काम टाकायचा बेत करू नका.

३. थांबा निवडताना जोडीने निवडा

पुण्याहून कोल्हापूरमार्गे सावंतवाडीचं उदाहरण घेऊ. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. गाडी कागदावर एका दमात जाते. तरी मी सांगेन की सातारा-कराड पट्ट्यात थांबा. तिथे महामार्गालगत चार्जर बरेच आहेत. एक बंद निघाला तर पुढचा टप्प्यात असतो. कोल्हापूरला १२ टक्क्यांवर पोहोचून शहरात चार्जर शोधत फिरण्यापेक्षा सातारा-कराडदरम्यान ४५-५० टक्के असताना अर्धा तास थांबलेलं बरं.

माझा नियम सोपा आहे: ठरलेल्या चार्जरवर पोहोचताना २०-२५ टक्के उरले पाहिजेत, आणि तेवढ्यात गाठता येईल असा दुसरा चार्जर माहीत पाहिजे. एकाच आवारातली दोन मशीन म्हणजे दोन पर्याय नव्हेत. लाईट गेली की दोन्ही बंद.

कोल्हापूर सोडून आजरा-आंबोलीकडे वळलात की पर्याय विरळ होतात, म्हणून तिकडे जाताना कोल्हापुरात पोटभर भरून घ्या. आंबोली उतरताना काळजी नाही, उतारावर गाडी वीज परत मिळवते आणि घाट उतरल्यावर टक्के वाढलेलेही दिसतात. परतीच्या वेळी मात्र हिशेब उलटतो. सतराशे किलोची गाडी सहाशे मीटर वर चढवायची म्हणजे नेहमीच्या खर्चावर तीन-साडेतीन युनिट जादा लागतात. ४५ युनिटच्या बॅटरीचे हे सात-आठ टक्के झाले. बोर घाट, खंबाटकी, आंबोली, चढ कुठलाही असो, पायथ्याशी असताना डॅशबोर्डवरच्या रेंजच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तो मागच्या सपाट रस्त्याच्या हिशेबाने बोलत असतो.

समृद्धीवर वेगळी गंमत आहे. ७०१ किलोमीटरचा रस्ता, ताशी १२० ची परवानगी, आणि बाहेर पडायचं तर इंटरचेंजलाच. १२० ने गाडी युनिटमागे पाच किलोमीटरवर येते. तिथे वेग हाच तुमचा राखीव साठा आहे. १२० चे ९० केलेत की पुढचा चार्जर जवळ येतो. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलंय. होईल तेव्हा हा परिच्छेद काढून टाकू.

जागा निवडताना आणखी काही:

शोरूमच्या आवारातले चार्जर दिवसा चांगले, पण रात्री फाटकाला कुलूप आणि रविवारी कधी कधी दिवसाही. मॉलमध्ये चार्जिंगच्या बिलाखेरीज पार्किंगचे पैसे पडतात. पुण्यात गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं असतात, एखाद्या भागाची वीज दुपारपर्यंत बंद राहू शकते. म्हणून गुरुवारी सकाळी पुण्यातल्या एकाच चार्जरच्या भरवशावर निघू नये. हॉटेलच्या आवारातले चार्जर मला सगळ्यात बरे वाटतात, कारण तिथे माणूस असतो. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करण्याआधी हॉटेलच्या काउंटरला फोन करा.

पण विचारायचं कसं, तेही ठरवून घ्या. “काका, मशीन चालू आहे का?” असं विचारलंत तर उत्तर “हो, चालू आहे” असंच येणार. त्यांचं चूक नाही, स्क्रीनवर दिवा दिसतोय म्हणजे चालू. “आज सकाळपासून कुणी गाडी लावली होती का?” असं विचारा. “परवा एक जण आला होता, त्याचं काही झालं नाही, तो गेला पुढं” ही खरी माहिती त्या प्रश्नातून बाहेर येते.

४. पोहोचल्यावर, क्रमाने

गाडी लावण्याआधी उतरून मशीनपाशी जा. तीन गोष्टी बघा: स्क्रीन जिवंत आहे का, गन सीसीएस-२ ची, म्हणजे आताच्या गाड्यांना बसणारी, आहे का (जुन्या काही मशीनवर दुसऱ्याच प्रकारची गन असते, ती चालत नाही), आणि लाल एमर्जन्सी बटण आत दाबलेलं तर नाही ना. हे बटण येता-जाता कुणीतरी पोर दाबून जातं आणि मशीन दिवसभर ‘फॉल्ट’ दाखवत बसतं. बहुतेक मशीनवर ते बाणाच्या दिशेने फिरवलं की बाहेर येतं. मग दोन-तीन मिनिटं मशीनला सुरू होऊ द्या. एवढ्यावर कित्येकदा काम होतं.

मग गाडी लावा. तुमचं सॉकेट कुठे आहे त्यावर पुढून की मागून हे ठरतं. नेक्सॉनचं मागच्या बाजूला, एमजी झेडएस आणि टाटा पंच ईव्हीचं पुढे नाकावर. वायर आखूड असते आणि जाड असते. ताणून लावली तर गन वाकडी बसते.

गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक वर, गाडी बंद. गन सरळ आत दाबा, खट्ट आवाज यायला हवा. त्यानंतर ॲपमध्ये मशीनचा क्यूआर कोड स्कॅन करा. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक गनचा कोड वेगळा असतो, मशीनचा एकच नसतो. ए गन लावून बी चा कोड स्कॅन केला की काहीच होत नाही आणि माणूस मशीनला शिव्या देत बसतो. रक्कम, युनिट किंवा टक्के यातलं काय निवडायचं ते ॲप विचारतं. शक्य असेल तर टक्के निवडा.

आता महत्त्वाचा अर्धा मिनिट. मशीन आणि गाडी एकमेकांशी बोलून घेतात, वीज कुठे गळत नाही ना ते तपासतात. या वेळात गनचं वजन खाली ओढत असेल तर संपर्क तुटतो आणि सगळं रद्द होतं. म्हणून दांडा खालून हाताने उचलून धरा, किंचित आत दाबून. आतून टकटक आवाज येतो, गन लॉक होते, डॅशबोर्डवर टक्के दिसू लागतात. मग हात काढा. जुन्या, झिजलेल्या गनवर हा उपाय बऱ्याचदा चालतो.

तरीही नाही झालं? गन काढून मशीनच्या खोबणीत परत ठेवा, गाडी लॉक करून अनलॉक करा, मिनिटभर थांबा, पुन्हा लावा. मग दुसरी गन. मग मशीनवरच्या स्टिकरवरचा नंबर. फोन लावताना मशीनचा आयडी हाताशी ठेवा, नाहीतर पलीकडचा माणूस तुमचा जिल्हा विचारण्यापासून सुरुवात करतो. ते लांबून मशीन रीसेट करू शकतात, आणि करतातही. पंधरा मिनिटांत काही घडलं नाही तर निघा. दुसरा पर्याय शिल्लक ठेवला होता तो याचसाठी.

सुरू झालं तरी लगेच चहाला पळू नका. पाच मिनिटं आकडा बघा. गाडी पन्नास घेणारी आणि मिळतायत अठरा, असं असेल तर कारण शोधा: शेजारची गाडी, नाहीतर तापलेली बॅटरी. मे महिन्यात दुपारी भरधाव येऊन दिवसातलं दुसरं फास्ट चार्जिंग लावलं की गाडी स्वतःला जपायला वेग कमी करते. तिथे मशीन बदलून उपयोग नाही. सावली आणि वेळ, दोनच औषधं.

५. रांगेतली माणसं

चार्जरला रांग असते, पण ती दिसत नाही. चार गाड्या इकडेतिकडे लावलेल्या असतात आणि कुणाचा नंबर कोणता हे फक्त वॉचमनला माहीत असतं, किंवा कुणालाच नसतं. म्हणून आल्या आल्या उतरून मोठ्याने विचारा, “कोण कोण थांबलंय?” संकोच बाळगलात तर तुमच्या मागून आलेला गन घेऊन उभा राहील.

चार्जिंग चालू असलेल्या माणसाशी बोला: “दादा, कितीपर्यंत लावणार?” ८० म्हणाला तर गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा ॲपवर मिनिटं दिसतात, अंदाज येतो. शंभर म्हणाला तर ८० च्या पुढे किती वेळ लागतो ते प्रेमाने समजावून सांगा. गणपतीच्या आधी कोकणच्या रस्त्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीत हे संभाषण प्रत्येक थांब्यावर होणार, हे धरूनच निघा. त्या दिवसांत पहाटे चार्जिंगला लागणारा सुखी.

आपण गाडी सोडून जेवायला जात असू तर काचेमागे मोबाइल नंबर लिहिलेला कागद ठेवायचा. ठरलेले टक्के झाले की गाडी हलवायची, जेवण अर्धं असलं तरी. काही कंपन्या चार्जिंग संपल्यावर अडवलेल्या जागेचे वेगळे पैसेही लावतात.

डिझेलवाल्याने जागा अडवली असेल तर भांडू नका. हॉटेलच्या मॅनेजरला सांगा, त्याच्याकडे गाडीच्या नंबरने माईकवरून पुकारायची सोय असते आणि त्याच्या पुकारण्याला वजन असतं.

६. पैशांचा हिशेब

दर साधारण १८ ते २५ रुपये युनिट, वर १८ टक्के जीएसटी. ॲपमध्ये दिसणारा दर जीएसटी धरून आहे की सोडून, ते बघा. ४५ युनिटची गाडी २० ते ८० भरली म्हणजे २७ युनिट. २२ रुपये दराने ५९४, कर धरून सातशेच्या आसपास. त्यात पावणेदोनशे किलोमीटर जाल. म्हणजे किलोमीटरला चार रुपये. पेट्रोलपेक्षा स्वस्त, पण चांगल्या डिझेल गाडीच्या फार खाली नाही. इलेक्ट्रिक गाडीची खरी बचत घरच्या मीटरवर होते. रोज फास्ट चार्जरवरच भरायची वेळ येणार असेल तर गाडी घेण्याआधी वही-पेन्सिल घेऊन बसा.

बिलातले युनिट बॅटरीत गेलेल्या युनिटपेक्षा थोडे जास्त दिसतात. काही वाया जातात, काही गाडी थंड ठेवायला लागतात, आणि तुम्ही आत एसी लावून बसला असाल तर तेही त्यातच. ही फसवणूक नाही. चार्जिंग मध्येच तुटलं आणि पूर्ण रक्कम कापली गेली, ही मात्र तक्रारीची गोष्ट. जागेवरच मशीनच्या स्क्रीनचा फोटो काढा, ज्यात युनिट आणि वेळ दिसेल. फोटो जोडलेल्या ईमेलला रिफंड लवकर येतो. नुसत्या फोनवरच्या “बघतो सर” ला येत नाही.

७. गन निघत नसेल तर

आधी ॲपमधून चार्जिंग थांबवा, मग गाडी किल्लीने अनलॉक करा, मग गन सरळ ओढा. एवढ्याने नाही निघाली तर गाडी परत लॉक-अनलॉक करून थोडं आत दाबून ओढा. बऱ्याच गाड्यांत हाताने सोडवायची दोरी असते, डिकीत किंवा बॉनेटखाली. ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा. हिसके मारू नका.

पावसात चार्जिंग चालतं, गन आणि सॉकेट त्या हिशेबानेच बनवलेले असतात. पाणी साचलेल्या जागी उभं राहून किंवा वायर कापलेली दिसत असताना मात्र हात लावू नका.

८. सगळंच फसलं तर

टक्के एक आकड्यावर आले की एसी बंद करण्याआधी वेग कमी करा. ९० वरून ६० वर आल्याने जेवढं वाचतं तेवढं एसी बंद करून वाचत नाही.

मग लॉज किंवा घरगुती जेवणाचं ठिकाण शोधा आणि १५ अँपिअरचा सॉकेट मागा. “एसीचा किंवा गिझरचा पॉइंट आहे का?” असं विचारलं की लगेच कळतं. गाडीसोबत मिळालेला तीन पिनचा चार्जर डिकीत असायलाच हवा, घरी खुंटीला नको. त्यातून तासाला तीन युनिट मिळतात. रात्रभरात पुढच्या फास्ट चार्जरपर्यंत जाण्याइतकं निश्चित जमतं. अर्थिंग नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून नकार देईल, अशा वेळी दुसऱ्या खोलीतला पॉइंट बघा. एक्स्टेंशन बोर्ड साधा वापरू नका, तो वितळतो. अर्ध्या तासाने प्लग हाताने चाचपून बघा. फार गरम लागला तर काढा. विजेचे पैसे खोलीच्या भाड्यात धरू नका, युनिटमागे वीस रुपयांच्या हिशेबाने मालकाला वेगळे द्या आणि सकाळी निघण्याआधी पुढच्या हॉटेलच्या काउंटरला फोन करून विचारा, काल रात्री कुणी गाडी लावली होती का.